दोन्या एर्मिनियाचे पाय

माणसाला आयुष्यात खरी निवड एकदाच करायची असते, आणि तो कोण होता हे त्या एका निवडीवरून मागाहून ठरतं. माझी वेळ आली ती वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, जूनच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी सात चाळीसला, एका झेब्र्याने माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला तेव्हा.

झेब्रा म्हणजे आमच्या ला पाझमधला, दोन पायांवर चालणारा. नगरपालिकेने पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख चढवून ही माणसं चौकाचौकात उभी केली आहेत. ती नाचून, हातवारे करून गाड्या अडवतात आणि पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडून देतात. जून म्हणजे आमचा हिवाळा; सकाळी प्रादोच्या हमरस्त्यावर इतकी थंडी असते की फुलवालीच्या बादलीतलं पाणी काचेसारखं गोठलेलं असतं. तेव्हा लाल दिव्याला गाड्या थांबल्या की झेब्रे पंजे काढून बॉनेटवर हात टेकवतात, अर्धा मिनिट शेकून घेतात आणि पुन्हा नाचायला लागतात. कुणी हरकत घेत नाही. त्या दिवशीच्या झेब्र्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवले, झटकन उचलले, पुन्हा जरा बाजूला ठेवले, डॉक्टर नाडी सापडत नसली की मनगट बदलतो तसे, आणि मग तो सरळ माझ्या खिडकीशी आला. काच खाली करावी लागली.

"साहेब, गाडी चालू आहे ना?" आवाज बाईचा होता.

"चालू आहे."

"नाही, बॉनेट माझ्या सासूच्या तोंडासारखं गार लागलं, म्हणून विचारलं."

मागच्या सीटवर माझी सासू बसली होती. मी आरशात पाहायचं टाळलं. दिवा हिरवा झाला, मागच्या मिनीबसने भोंगा वाजवला, झेब्रा कंबर हलवत पदपथावर गेला आणि आम्ही निघालो. सान फ्रान्सिस्को चर्चच्या पायऱ्या दिसू लागल्या. मग दोन्या एर्मिनिया म्हणाली, "ऐकलंत ना प्रोफे? झेब्र्यालासुद्धा कळलं."

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून ती मला प्रोफे म्हणते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तिने मला कधी एलिओदोरो अशी हाक मारली नाही, आणि अहो-जाहोही सोडलं नाही. बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं ती माझ्याशी बोलते. त्या सकाळीही ती तशीच, बिनरागाची बोलत राहिली. "पन्नास वर्षं मी या गाडीत बसतेय. हीटर आहे. सीटखालीच आहे, मी स्वतः पाहिलाय. पण माझे पाय एकदाही गरम झाले नाहीत. सातुर्निनोला सांगितलं की तो म्हणायचा, पुढच्या हिवाळ्यात बघू. आता तोही गेला. पुढचा हिवाळा हाच."

तिच्या मांडीवर नेहमीची तपकिरी घोंगडी होती. लामाच्या लोकरीची, कडेला मुलांनी कधीकाळी कुरतडलेली. ही घोंगडी गाडीचाच एक भाग आहे असं मी आजवर धरून चाललो होतो, जसा सुटा टायर. पन्नास वर्षं ती तिथे का आहे हा प्रश्न मला, मुलांना उष्णतेचं वहन शिकवून पोट भरणाऱ्या मला, पडला नव्हता. मी गाडी उभी केली, मागचं दार उघडलं, तिला हात दिला. उतरता उतरता तिने निर्णय सांगितला. सान हुआनच्या सणाला, चोवीस जूनला, तिला चौऱ्याऐंशीवं लागणार. दुपारी आम्ही याच गाडीतून खाली मायासाला जेवायला जाणार. त्या प्रवासात पाय गरम झाले तर ठीक. "नाहीतर गाडी फ्रॉइलानला देऊन टाकते. मी हल्ली केबलच्या पाळण्यातून जाते, तिथे ऊन तरी येतं."

फ्रॉइलान हा माझा मेहुणा. दक्षिणेकडच्या वस्तीत त्याचं लग्नकार्याचं सभागृह आहे, तीन गाड्या आहेत, आणि कुठलाच शुक्रवार मोकळा नाही. म्हणून चार वर्षांपूर्वी सासरे दोन सातुर्निनो (हे 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, आमच्याकडचं 'श्रीयुत'; बाईंना 'दोन्या') वारल्यावर अठ्ठेचाळीस सालच्या या शेव्हर्लेची किल्ली माझ्याकडे आली. फ्रॉइलानची योजना त्याने मला बार्बेक्यूच्या धुरात समजावून सांगितली होती: गाडी सभागृहाच्या दाराशी उभी करायची, बॉनेट उघडं ठेवायचं, इंजिन काढून त्या जागी फुलं भरायची आणि नवरा-नवरीचे फोटो काढायचे. "इंजिनाचं काय करणार?" मी विचारलं होतं. "इंजिनाचं काय करायचंय?" तो मनापासून म्हणाला होता. माझं म्हणाल तर मला गाड्यांची आवड नाही. पण त्या घरात माझ्याशिवाय अडतं असं काम एवढं एकच होतं: महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दोन्या एर्मिनियाला सासऱ्यांच्या नावाच्या मिसेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, नेणं आणि आणणं. त्या चाळीस मिनिटांत आम्ही फारसं बोलत नसू. पण न बोलण्यालाही एक जागा लागते, आणि आमची जागा चार चाकांची होती. तिथे फुलं भरलेली मला चालली नसती.

मिसेला मी आत गेलो नाही. गाडीत बसून हीटरचा खटका दाबला आणि हात मागे वळवून सीटखालच्या जाळीवर धरला. वारा येत होता. थंड, कर्तव्यदक्ष वारा. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा डावीकडच्या टोकाला निजलेला होता. चार वर्षांत मी तो हललेला पाहिला नव्हता आणि हे चांगलं लक्षण समजत होतो. दोन सातुर्निनोही तसंच समजत. लग्नाआधी निल्दाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला पहिल्यांदा घरी जेवायला नेलं तेव्हा टेबलावर चायरो सूपच्या वाफाळत्या वाट्या होत्या आणि मी घाबरून गप्प होतो. मी हात धुवायला आत गेलो असताना सासऱ्यांचं वाक्य भिंतीतून ऐकू आलं: "मुलगा बरा आहे. थंड आहे." ती स्तुती होती की तक्रार हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे त्यांच्या तोंडून याच गाडीविषयी हेच शब्द, याच सुरात ऐकले. "थंड आहे. कधी तापत नाही." तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं.

गाडी कधी तापत नाही याचं कारण माएस्त्रो सेनोबिओच्या गॅरेजात तारेवर टांगलेलं होतं. तेम्बलादेरानीत त्याचं गॅरेज आहे. दाराच्या चौकटीला आडवी तार, आणि त्या तारेत दीडेकशे थर्मोस्टॅट ओवलेले. पितळी, तांब्याचे, काळवंडलेले, नाण्याएवढ्या तोंडाचे. वारा आला की ते किणकिणतात. मी इतकी वर्षं त्याला शोभेचं तोरण समजत होतो.

"तुमचाही असेल त्यात," माएस्त्रो म्हणाला. "बहात्तर साली मीच काढला. दोन सातुर्निनो समोर उभे होते, त्या तिथे, सिगरेट ओढत."

"पण का काढला?"

माएस्त्रो सेनोबिओने माझ्याकडे दयेने पाहिलं. सत्तरीचा माणूस, बोटं तेलाने कायमची काळी, डोक्यावर विणलेली कानटोपी. "प्रोफे, थर्मोस्टॅट म्हणजे काय? दरवाजा. पाणी गार असेपर्यंत बंद राहतो, पाणी तापलं की उघडतो आणि त्याला रेडिएटरकडे सोडतो. आता मला सांगा, दरवाजा अडकला तर?"

"इंजिन तापेल."

"आणि दरवाजाच नसेल तर?"

"अडकणार नाही."

"मग? या शहरात कुठलीही गाडी आली की मी आधी तो काढतो. माझ्या बापानेही हेच केलं. चढ काय, उतार काय, कधी कुणाची गाडी उकळली नाही."

"आणि हीटर?"

"हीटर?" त्याने शब्द तोंडात घोळवला, चव ओळखीची पण नाव आठवत नाही असा. "अंगावर घ्यायला घोंगडी असते ना गाडीत."

परतताना मी विचार करत होतो, आणि तो विचार माझ्या आवडीचा नव्हता. पाणी कधी थांबतच नाही, तापायच्या आत रेडिएटरकडे पळतं, गार होऊन येतं, पुन्हा पळतं. इंजिन सदैव कोमट, पेट्रोल पिणारं आणि निरुपद्रवी. हे वर्णन मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. माझ्याविषयीच्या वार्षिक अहवालात मुख्याध्यापिका थोड्या वेगळ्या शब्दांत हेच लिहितात. निल्दा भांडताना ताटं आपटते, मी खिडकी उघडतो. मुलगी सांताक्रूझला शिकायला गेली त्या दिवशी विमानतळावर सगळे रडत होते आणि मी तिच्या बॅगेचं वजन पुन्हा करून पाहत होतो. असो. मुद्दा थर्मोस्टॅटचा होता.

गाडीच्या कप्प्यात मूळची माहितीपुस्तिका होती, इंग्रजीतली, पानं चहाच्या रंगाची. तिच्या आधारे, आणि बाजारात काय मिळतं ते पाहून, निवड तीन आकड्यांत येऊन थांबली: एकाहत्तर, ब्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी. म्हणजे झडप किती अंशांवर उघडते ते. समुद्रकाठच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. तिथे पाणी शंभराला उकळतं, त्याने अठ्ठ्याऐंशीचा बसवला तरी हाताशी बारा अंश उरतात. आमच्याकडे, साडेतीन हजार मीटर उंचीवर, पाणीच अठ्ठ्याऐंशीला उकळतं. वर एल आल्तोला गेलं तर त्याच्याही दीड अंश आधी. गाडीचं झाकण जुन्या काळचं, दाब न धरणारं. म्हणजे अठ्ठ्याऐंशीचा थर्मोस्टॅट आमच्या गाडीत दार उघडेपर्यंत आतलं पाणी वाफ होऊन वरून निघून गेलेलं असणार. मी हे गणित वहीत मांडलं आणि फार वर्षांनी मला माझा विषय आवडला.

आवडला, आणि लगेच एक जुनी गोष्ट बोचली. अठ्ठ्याण्णव साली माझ्या वर्गात कासिमिरा नावाची मुलगी होती, दोन वेण्या, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर. परीक्षेत प्रश्न होता: पाणी किती अंशांना उकळते? वरून आलेल्या उत्तरसूचीत शंभर होतं. कासिमिराने अठ्ठ्याऐंशी लिहिलं. प्रयोगशाळेतला तापमापक मागून नेऊन तिने घरी मोजलं होतं, दोनदा. मी तिचे दोन गुण कापले. ती टेबलाशी आली, रडली वगैरे नाही, तिने फक्त विचारलं, "प्रोफे, मग माझं पाणी चुकलं का?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, बहुधा खिडकी उघडली असेल.

रविवारी सकाळी मी 'सोळा जुलै' नावाच्या बाजारात गेलो. एल आल्तोचा हा बाजार म्हणजे मैलोन्मैल पसरलेलं जग आहे. तिथे विमानाचा पंखाही मिळतो, फक्त दुसरा पंख दुसऱ्या रांगेत शोधावा लागतो. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत दोन्या फिदेलिया बसते. नऊ घेरांचा परकर, शाल, डोक्यावर बोलर टोपी, आणि भोवती कार्बोरेटरांचा ढीग, जणू बटाटे. समोर एका स्टोव्हवर अल्युमिनियमचं भांडं खदखदत होतं.

"ये कासेरो, काय देऊ?" बाजारात प्रत्येक गिऱ्हाईक कासेरो.

"थर्मोस्टॅट. अठ्ठेचाळीसच्या शेव्हर्लेचा."

"बसवायचा आहे?" तिने टोपी मागे सारून मला नीट पाहिलं. "लोक माझ्याकडे काढलेले विकायला येतात. विकत घेणारा तू या वर्षातला पहिला. बरा आहेस ना?"

तिने डब्यातून तीन काढले आणि मला काही विचारायच्या आत भांड्यातल्या उकळत्या पाण्यात सोडले. आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो. एकाहत्तरचा लगेच उघडला, भोळ्या माणसासारखा. ब्याऐंशीचा थोडा वेळ घेऊन, प्रतिष्ठेने. अठ्ठ्याऐंशीचा मात्र बुडबुड्यांत गडगडत राहिला आणि तोंड मिटूनच राहिला.

"हा खालच्यांचा," दोन्या फिदेलिया म्हणाली. "सांताक्रूझवाल्यांचा. इथे येऊन रुसतो." तिने तो चमच्याने काढून पुन्हा डब्यात टाकला. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. माझ्या वहीतलं गणित एका बाईच्या भांड्यात उकळत होतं. चोवीस वर्षांपूर्वी मी वर्गात एवढंच करायला हवं होतं, एक स्टोव्ह आणि एक भांडं. कासिमिराला आणखी काही नको होतं.

"एकाहत्तरचा घे," ती म्हणाली.

इथे माझ्यातला पदवीधर जागा झाला. मी तिला समजावलं की इंजिन जितकं तापलेलं तितकं ते बरं चालतं, हीटरही तितका गरम. ब्याऐंशी म्हणजे उकळीच्या सहा अंश खाली, एल आल्तोच्या चढावरही साडेचार अंश शिल्लक. एकाहत्तर म्हणजे निष्कारण भित्रेपणा. दोन्या फिदेलियाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "अठ्ठेचाळीसची गाडी ना? जुन्या गाड्या आत काय पितात ते आपल्याला माहीत नसतं, कासेरो."

"पाणी पितात," मी म्हणालो.

"बरं बाई, पाणी," ती म्हणाली आणि ब्याऐंशीचा कागदात गुंडाळून दिला.

माएस्त्रो सेनोबिओने तो बसवला, पण लग्नाला विरोध असलेल्या मामाने मंगलाष्टकं ऐकावीत तशा चेहऱ्याने. बसवताना पाइपातून थोडं पाणी सांडलं, त्याने बोट लावून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता. मग खांदे उडवून त्याने सांडलेलं सगळं बादलीत धरलं आणि गाळून पुन्हा आत ओतलं. "तुमच्या घरचं आहे, टाकत नाही," एवढंच म्हणाला. मी लक्ष दिलं नाही. मी काट्याकडे पाहत होतो. पन्नास वर्षं डावीकडे निजलेला काटा थरथरला, उठला, आणि चालू लागला.

पुढच्या रविवारी दोन्या एर्मिनियाला तिच्या बहिणीकडे एल आल्तोला न्यायचं होतं. मी आदल्या दिवशीच शहरात दोन फेऱ्या मारायला हव्या होत्या. पण वहीत गणित केलेलं असलं की माणूस फेऱ्या मारत नाही. सकाळचे दहा, कोरडं निळं ऊन, मागे निल्दा आणि तिच्या शेजारी घोंगडी घेतलेली तिची आई. महामार्गाच्या चढाला लागलो तसा सीटखालच्या जाळीतून वेगळाच वारा येऊ लागला. निल्दा म्हणाली, "आई, बघ गं." मला आरशात दिसलं: दोन्या एर्मिनियाने घोंगडीचं एक टोक उचललं होतं आणि बूट जाळीच्या दिशेने दोन बोटं पुढे सरकवले होते. त्या दोन बोटांचा मला झालेला अभिमान मी इथे लिहीत नाही. तिसऱ्या वळणावर काटा उजव्या टोकाला जाऊन धडकला. बॉनेटखालून आधी शिट्टी आली, मग खदखद, मग वाफेचा पांढरा ढग समोरच्या काचेवर चढला, आणि अख्खी गाडी दारूच्या वासाने भरून गेली.

हो, दारूच्या. मी गाडी कडेला घेतली. वाफ डोंगरउतारावर पसरत होती आणि तिला सिंगानीचा, आमच्या द्राक्षाच्या दारूचा, लग्नघरातला, नैवेद्यादाखल सांडलेल्या पहिल्या घोटाचा वास होता. एक मिनीबस हळू झाली, खिडकीतून एक बाई ओरडली, "अहो, आम्हालाही एक ग्लास!" मी मूर्खासारखा उभा. निल्दा रुमाल नाकाला लावून हसू आवरत होती. दोन्या एर्मिनिया मागचं दार उघडून, काठी टेकत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, आणि तिने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला.

"सातुर्निनो," ती म्हणाली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जो तो जमिनीला आपापला घोट देतो, घराच्या चार कोपऱ्यांत शिंपडतो, दुकानदार उंबऱ्यावर ओततो. मीही शिंपडतो, पदवी आड येत नाही. दोन सातुर्निनो गाडीचाही वाटा काढत. चाकांवर शिंपडून त्यांचं समाधान होत नसे. गाडीला तोंड आहे ना, ते म्हणत, मग पायांवर कशाला ओता? आणि रेडिएटरचं झाकण उघडून ते अर्धा पेला शुद्ध अल्कोहोल आत सोडत. ते गेल्यावर हे काम दोन्या एर्मिनियाकडे आलं. मी पहिल्या शुक्रवारी सकाळी गाडी काढायला येण्याआधीच ती उरकून घेत असे. गाडी कधी तापत नव्हती, त्यामुळे त्यातलं जवळपास काहीच उडत नव्हतं. पन्नास वर्षं ते आत जमत गेलं. आणि अल्कोहोल मिसळलेलं पाणी साध्या पाण्याच्या कितीतरी आधी उकळतं, हे मी दरवर्षी सप्टेंबरमध्ये शिकवतो.

"काही नाही," मी म्हणालो, "सगळं पाणी काढून टाकू, दोनदा धुऊन घेऊ, साधं पाणी भरू. मग ब्याऐंशीचा बरोबर चालेल. गणित बरोबरच होतं."

"काढायचं नाही," दोन्या एर्मिनिया म्हणाली.

"अहो, पण ते..."

"प्रोफे, माझे पाय गार राहिले तरी चालतील. त्याच्या हातचं काढायचं नाही."

तिने हे हळूच सांगितलं आणि जाऊन गाडीत बसली. मी रस्त्याच्या कडेला उभा. खाली सगळं शहर कपात ठेवल्यासारखं, त्याच्या मागे इयिमानीचा पांढरा डोंगर. सान हुआनला बारा दिवस होते. एका बाजूला माझं गणित होतं, अंशाअंशाने बरोबर. दुसऱ्या बाजूला एका मेलेल्या माणसाने दर महिन्याला ओतलेला अर्धा पेला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मला खरोखर राग आला; कुणाचा ते ठरवता येईना, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी रेडिएटर निवायची वाट पाहत गाडीच्या कप्प्यातून ती पुस्तिका काढली आणि रागारागाने पानं उलटली. थर्मोस्टॅटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक टीप होती. मी ती तेव्हा वाचली नव्हती, कारण सुशिक्षित माणूस टिपा वाचत नाही. थंड प्रदेशात पाण्यात अल्कोहोल घालत असाल, तर एकाहत्तर अंशांचा वापरावा. टिपेखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती, आणि समासात दोन सातुर्निनोंच्या तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: पुढच्या हिवाळ्यात.

गुरुवारी तिसऱ्या तासानंतर सुट्टी काढून मी पुन्हा बाजारात. दोन्या फिदेलियाने मला लांबूनच पाहिलं आणि स्टोव्हवरचं भांडं उतरवलं. "उकळली?"

"उकळली."

"काय पीत होती?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझाही नवरा ओततो. सगळ्यांचेच ओततात रे. काढलेला थर्मोस्टॅट विकायला येतात ना, त्याला वास येतो." तिने एकाहत्तरचा आधीच कागदात बांधून ठेवला होता. मग पेल्यात चहा ओतून माझ्यापुढे धरला. ज्या भांड्यात तिने थर्मोस्टॅट सोडले होते त्याच भांड्यातला. थोडा धातूचा वास येत होता. मी दोन पेले प्यालो.

माएस्त्रो सेनोबिओने ब्याऐंशीचा काढला आणि विजयी मुद्रेने तारेत ओवला. एकाहत्तरचा बसवताना तो म्हणाला, "हाही मीच काढणार एक दिवस." मी म्हणालो, "तुम्ही त्या दिवशी वास घेतला होतात, बोलला का नाहीत?" तो म्हणाला, "प्रोफे, तुम्ही वही घेऊन आला होतात."

सान हुआनच्या दुपारी मायासाच्या उताराला लागलो. फ्रॉइलान त्याच्या गाडीतून मागून येत होता. किल्ली घेऊन जाता येईल म्हणून त्याने चालकही बरोबर आणला होता. काटा उठला, मध्यापाशी आला, आणि तिथे थांबला. उजवीकडे गेला नाही, डावीकडे पडला नाही. खाली जाळीतून वारा येऊ लागला, आणि त्या वाऱ्याला किंचित, अगदी किंचित, लग्नघराचा वास होता. ओब्राखेसची वस्ती मागे पडली. मागून कापडाची सळसळ झाली: घोंगडी घडी घालून बाजूला ठेवली गेली. मग दोन टकटक आवाज: बूट. निल्दाने माझ्या खांद्यावर बोट टोचलं, मी आरसा खाली वळवला. दोन्या एर्मिनियाचे पाय, जाड लोकरी मोज्यांतले, जाळीवर टेकले होते आणि बोटं मोज्याच्या आत हलत होती. ती खिडकीबाहेर पाहत होती, जणू ते पाय दुसऱ्या कुणाचे आहेत. मी खिडकी उघडली नाही. माझा चष्मा धुरकट झाला होता, गाडीतल्या उष्णतेने, असं मी निल्दाला नंतर सांगितलं.

फ्रॉइलानचा चालक जेवून रिकाम्या हाताने परत गेला. शाळेत या वर्षीही पाणी शंभरालाच उकळलं, उत्तरसूच्या वरून येतात. फक्त या वेळी मी वर्गात स्टोव्ह नेला आणि अठ्ठ्याऐंशी लिहिणाऱ्यांनाही पूर्ण गुण दिले. जुलैच्या पहिल्या शुक्रवारी प्रादोवर तोच झेब्रा होता. त्याने बॉनेटवर हात ठेवले, दचकला, मग दोन्ही कोपरं टेकून गालही टेकवला. दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी तो उठेना. मागच्या मिनीबसवाल्याने आमच्या दोघांच्याही आयांचा उद्धार केला.

मात्र त्या सान हुआनच्या दुपारी, मायासाच्या अलीकडे दोन वळणं असताना, मागून आवाज आला होता. "एलिओदोरो, पुरे. बंद कर ते. उकडतंय."

तेव्हापासून हीटर बंद आहे.